कुत्र्यासकट खोली पाहिजे

आम्ही जुन्या मास्तरणी कुणाच्या लग्नात भेटलो की जेवणं होईपर्यंत सुनांवर बोलतो, आणि हात धुऊन पान तोंडात गेलं की कुणीतरी म्हणतंच, "जाधवबाई, ते कुत्र्याचं सांगा ना." किती वेळा सांगितलंय मी! तरी दर वेळी एखादं नवीन निघतंच. एक घरमालक आठवला की त्याच्या शेजारचा आठवतो, मग त्या शेजारच्याची बायको आठवते. पाच महिन्यांत मी अर्धं जालना पाहिलं होतं, तेही बहुतेक अंगणापर्यंतच.

दुष्काळ नुकताच सरला होता. मी टेंभुर्णीची, आमच्या वस्तीतली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी. पुढं डी.एड. केलं आणि जालन्याच्या एका मुलींच्या शाळेत लागले. जालना तेव्हा तालुक्याचंच गाव, पण आम्हाला ते शहर. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निघताना बजावलं, "कमल, खोलीला आतून कडी बराबर लागली पाह्यजे. भाडं पगारात बसलं पाह्यजे. आन् बंड्या संगं राह्यला पाह्यजे. दिवाळीपस्तोर मिळाली तर ठीक. न्हाई तर राजीनामा दे आन् घरी ये."

बंड्या आमचा कुत्रा. तांबडा, एक कान कायम पडलेला. आबांचा माझ्यापेक्षा त्याच्यावर भरवसा जास्त. खोली मिळेपर्यंत आम्ही दोघं बदनापूरला मामाकडं राहिलो. मामा तिथल्या शेती संशोधन केंद्रात मजूर होता. एका खोलीत मामा, मामी, त्यांची चार पोरं, मी आणि बंड्या. रोज पॅसेंजरनं जालना गाठायचं, शाळा सुटली की खोल्या बघायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. नोकरी सोडायची नाही हे मी मनाशी पक्कं केलं होतं. आबांना तसं बोलले नाही, एवढंच.

*

पहिली खोली दाखवली आमच्या गणिताच्या कुसुमताईंनी. त्यांच्या ओळखीचे एक रिटायर कारकून होते. खोली झकास, नळ दारात. मी आधीच सांगून टाकलं की कुत्रा आहे.

"असू द्या की," कारकून म्हणाले. "राखणीला बरंच. आडनाव काय म्हणालात?"

"जाधव."

"वा. कोणते जाधव?"

"टेंभुर्णीचे."

"तसं नव्हे. सोयरिकी कुठं कुठं आहेत?"

"अजून कुठंच नाहीत. माझं लग्न व्हायचंय."

कुसुमताईंनी पदर तोंडाला लावला. कारकून काही हसले नाहीत. म्हणाले, "घरी देव्हारा असेल ना? कुलदैवत कोणतं?"

"देव्हारा नाही. बुद्धाचा फोटो आहे. छप्पन साली आमच्या सगळ्या वस्तीनं दीक्षा घेतली."

कारकुनांनी बंद नळ उगाच आणखी घट्ट पिळला. मग म्हणाले, "बाई, आमचं काही म्हणणं नाही हो. पण ते कुत्र्याचं जरा अवघड वाटून राह्यलं."

परतताना कुसुमताई स्टेशनपर्यंत माझ्याबरोबर आल्या. वाटेत म्हणाल्या, "कमल, मला खरंच असं वाटलं नव्हतं गं." मी म्हटलं, "मला वाटलं होतं." गाडीत बसल्यावर मात्र मला रडू आलं, आणि रडू आल्याचा त्याहून जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, रडायचं असेल तर खोली मिळाल्यावर, आतून कडी लावून रडायचं.

*

दुसरे एक गृहस्थ होते, त्यांचं दुकान चांगलं चालायचं. त्यांनी आडनाव, गाव, मामाचं आडनाव, मामाचं गाव, सगळं विचारून घेतलं आणि मान हलवली. "कुत्रं न्हाई चालायचं. आमच्या घरात सोवळंओवळं लई कडक हाय."

मी दारातून आत बघितलं. पलंगावर, पांढऱ्या चादरीवर, एक धिप्पाड काळं कुत्रं पाय वर करून झोपलं होतं.

"ते काय मग?"

त्यांनी मागं वळून बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "ते घरचं हाय."

*

एका कुटुंबानं मात्र आडनाव विचारलंच नाही. मला आनंद झाला. ते म्हणाले, आधी कुत्रं दाखवायला आणा. मग रविवारी मी बंड्याला आंघोळ घातली, गळ्यात नवी दोरी बांधली आणि पॅसेंजरला गेले. गार्डानं त्याला आपल्या डब्यात घेतलं आणि जालना येईपर्यंत त्याच्याशीच बोलत राहिला.

घरात सगळे ओळीनं बसले होते. आजोबा, दोन मुलगे, दोन सुना, लेकरं. शेजारच्या दोघी भिंतीवरून डोकावत होत्या. बंड्याला मधोमध बसवलं. वय काय, खातो काय, आधी कुठं राहत होता, स्वभाव कसा, एकेक सुरू झालं. धाकटी सून म्हणाली, "जरा चालवून दाखवा." मी चालवून दाखवलं. थोरली म्हणाली, "कान जन्मापासून असाच का?" मी म्हटलं, हो, पण ऐकू बराबर येतं. बंड्याला पोहेसुद्धा मिळाले.

उठताना आजोबांनी हात जोडले आणि म्हणाले, "घरात विचार करून पसंती कळवतो."

अजून कळवलेली नाही.

*

एक खोली अशीही मिळत होती, जिथं जात चालत होती, कुत्रा चालत होता आणि भाडंही अगदी कमी होतं. मी बघायला गेले. दाराला आतून कडीच नव्हती. बाहेरून मात्र दणदणीत होती.

मालकीणबाई म्हणाल्या, "अंधार पडला की मी बाहेरून लावून घेते. तीन मास्तरणी राहून गेल्या, एकीलाही काही झालं न्हाई."

"आणि आग-बिग लागली तर?"

"आवाज द्यायचा."

मी म्हटलं, "मावशी, मी कोंबडी नाही." त्या रागावल्या. स्टाफरूममध्येही दोघी-तिघी मला बोलल्या की एवढी सोय सोडलीस, तुला नोकरी करायचीय की नाही? त्यांचंही बरोबर होतं. दसरा तोंडावर आला होता आणि आबांची पत्रं आठवड्याला एक अशी यायला लागली होती. प्रत्येक पत्रात बंड्याची खुशाली आधी आणि खोलीचं शेवटी.

*

आता आमच्या शहाणपणाचं सांगते. ज्यांना खरं कारण सांगायचं नव्हतं ते सगळे एकच सांगायचे, कुत्रं भुंकतं. मामा म्हणाला, "मंग ह्याचं भुंकणंच बंद करू." झालं. बंड्या भुंकला की मामा "गप" म्हणायचा, आणि गप बसला की भाकरीचा तुकडा. बंड्या हुशार. महिनाभरात त्यानं भुंकणं सोडूनच दिलं. पोस्टमन आला तरी नुसता बघायचा आणि भाकरीची वाट बघत बसायचा. मामा सगळ्या केंद्रात सांगत फिरला, "आमच्या कुत्र्याला बिलकुल आवाज न्हाई."

आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्या शाळेचे शिपाई शेखचाचा मला म्हणाले, "बेटी, जुन्या जालन्यात एक म्हातारी हाय. गयाबाई. मंठ्याकडची, शेती पोरगा बघतो, ती इकडं एकटी राहती. खोली रिकामी हाय. कुत्र्याला घेऊनच जा."

बंड्याला घेऊन मी शेखचाचांबरोबर गेले, तर गयाबाई दारातच उभी होती. उंच, काटक, हातात झाडू. पाच महिन्यांत मला एवढं कळलं होतं की सगळं आधीच बोलून टाकावं, म्हणजे पाणी पिण्याआधीच निकाल लागतो. मी म्हटलं, "मावशी, मी कमल जाधव. टेंभुर्णीची. आम्ही बौद्ध. कोणते जाधव विचारायची गरज नाही."

"तुझ्या चाचानं सांगितलंय सगळं," गयाबाई म्हणाली. "दीड महिन्यामागं माझं तांब्याचं घंगाळ अंगणातून चोरीला गेलं. मला एवढंच सांग, कुत्रं भुंकतं का?"

आणि सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "छे छे, बिलकुल भुंकत नाही."

"मंग असलं कुत्रं घेऊन काय करू?" ती झाडू घेऊन वळलीसुद्धा.

मी तिच्या मागं धावले. म्हटलं, मावशी, भुंकतं, भुंकतं, आम्हीच शिकवून बंद केलंय. तिला वाटलं मी खोटं बोलते. शेखचाचा मदतीला आले. बाहेर जाऊन भिंतीवरून चोरासारखे आत उतरले, साठीच्या वयात. बंड्यानं शेपूट हलवली. चाचांनी कपडे उचलले, बादली उचलली, शेवटी त्याच्या तोंडासमोर टाळ्या वाजवल्या. बंड्या बसला आणि भाकरीची वाट बघू लागला. दिवाळीला बारा दिवस राहिले होते आणि आख्ख्या जालन्यात हीच एक खोली होती.

"जाऊ दे पोरी," गयाबाई म्हणाली. "उन्हाची आलीस, चहा घेऊन जा." आणि माझी पिशवी ओट्यावर ठेवायला तिनं उचलली.

बंड्या असा उसळला की दोरी माझ्या हातातून सुटली. गयाबाईसमोर पाय रोवून तो जे भुंकायला लागला, महिनाभराचं साठलेलं सगळं त्यानं बाहेर काढलं. शेजारची दारं उघडली. गयाबाईनं पिशवी हळूच खाली ठेवली आणि पहिल्यांदा हसली. "घरमालकिणीलाच भुंकलं. सामान कधी आणतीस?"

*

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आबा टेंभुर्णीहून एसटीनं आले. कुणाशी न बोलता खोलीत शिरले. कडी तीनदा लावून काढून बघितली, खिडकीचे गज हलवून बघितले. भाडं विचारलं आणि नुसते हं म्हणाले.

गयाबाईनं चहा आणला. तीन कपबश्या, तिन्ही एकसारख्या, कडेला निळी रेघ असलेल्या. आबांनी त्या कपबश्यांकडं बघितलं आणि मी आबांकडं. एक तिनं आबांना दिली, एक मला, तिसरी घेऊन ती आमच्यासमोरच टेकली. आबांनी चहा फार सावकाश प्यायला.

"पोरीची काळजी करू नका," गयाबाई म्हणाली. "हिच्या दाराशी माझी बाज असती, आन् उशाला कुऱ्हाड."

आबांनी तिच्या हातांकडं बघितलं. मग बशी खाली ठेवली, टोपी घातली, अंगणात गेले आणि बंड्याची दोरी खुंटीवरून सोडली.

मी म्हटलं, "आबा, हे काय करून राह्यले?"

"ह्याला घरी नेतो. इथं आता काय गरज ह्याची? ह्या बाई हायत की. शेतावर राखणीला लागतो मला."

गयाबाई उठली, पदर खोचला आणि दोरीचं दुसरं टोक धरलं.

"पाव्हणं, खोली म्या ह्याला दिल्ती. पोरगी न्यायची तर न्या."