मधल्या फळीतल्या सुमेधचं वय

बायकोला मी सगळं सांगतो. लपून खाल्लेली तंबाखूसुद्धा. हे मात्र तिलाही सांगितलेलं नाही — तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय, आणि कुठून सुरू करावं ते अजून ठरत नाही.

फुटबॉलपासूनच करतो. त्याबद्दल बोलायला मला आवडतं, म्हणजे निदान तोंड तरी उघडेल.

मी मूळचा कामठीचा. आमच्याकडे पोरगं चालायला लागलं की त्याच्या पायात बॉल येतो. मी मधल्या फळीत खेळायचो — मागून बॉल घ्यायचा, पुढे द्यायचा, सगळ्या मैदानाची खबर ठेवायची. सतराव्या वर्षी मला संघातून काढलं. कारण काय? अंगाने किरकोळ. समोरचे धटिंगण खांदा लावायचे आणि मी गवतात. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसलाय — लहान चणीचा पोरगा मधल्या फळीत थोराड पोरांसमोर टिकू शकतो की नाही? मला वाटायचं, टिकतो. मधली फळी डोळ्यांची जागा आहे, हाडांची नाही. पण मी टिकलो नव्हतो, मग हे सिद्ध कोण करणार?

पुढे पोटापाण्यासाठी सुरतेला आलो. पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये कापड तपासायला लागलो आणि राहायला कोसाडच्या वसाहतीत. रविवारी सुट्टी. वस्तीतली पोरं गोळा केली, एक बॉल आणला, झालो कोच. मला लिहिता-वाचता बरं येतं म्हणून आणखी एक काम आपोआप गळ्यात पडलं — लोकांचे फॉर्म भरायचे. रेशनचे, गॅसचे, आणि जूनमध्ये शाळेचे.

आता शाळेच्या फॉर्मचं तुम्हाला माहीतच असेल. आमच्या लोकांत निम्म्या पोरांचा जन्म एक जूनचा. घरी जन्मलेलं पोर, दाखला नाही, तारीख कुणाला आठवत नाही — मग मास्तर विचारतो, कितवं लागलं? आणि एक जून लिहून मोकळा होतो. वस्तीत आम्ही एकमेकांची चेष्टा करतो, की एक जूनला केक कापायचा तर अख्ख्या कोसाडला पुरेल एवढा लागेल. मीही तसे कितीतरी एक जून लिहिले. त्यातला एक सुमेधचा.

सुमेधचे आईवडील हिंगोलीकडचे. आधी चलथाणला ऊसतोडीला यायचे, नंतर बाप कापड विणायच्या लूमवर लागला आणि कुटुंब आमच्या शेजारी राहायला आलं. मोठी मुलगी सुजाता, तिचं नाव शाळेत घालायचं होतं. सुमेध तेव्हा चार वर्षांचा. आई दिवसभर साड्यांना टिकल्या लावायच्या कारखान्यात, मग हा कुणाकडे राहणार? आणि सुजाता मोठा रस्ता ओलांडून एकटी कशी जाणार? दोघं एकाच वर्गात गेली तर दोन्ही प्रश्न सुटत होते. पण पहिलीला सहा पूर्ण लागतात. आई बिचारी हंगामांवर हिशोब करत होती — चलथाणचा दुसरा हंगाम, तिसरा हंगाम. मी म्हटलं, वहिनी, सोडा, मी बघतो. आणि दोन वर्षं जास्त लिहिली.

हा माझा गुन्हा नाही. म्हणजे कायद्याने असेल, पण त्याची मला लाज वाटत नाही. चार वर्षांचं पोर बहिणीचं बोट धरून शाळेत गेलं, यात वाईट काय? लाजेची गोष्ट पुढे आहे — मी उगाच लांबवतोय, कळतंय मला.

नऊ वर्षांचा झाला तेव्हा सुमेध मैदानावर आला. कागदावर अकरा. म्हणून अकरा-बारावाल्यांत उभा केला. आणि काय सांगू तुम्हाला! बॉल येण्याआधी हे पोरगं दोनदा मान वळवून मागे बघायचं. हे मी शिकवलं नव्हतं. का बघतोस, विचारलं तर म्हणाला, "मागून कोन धक्का देनार ते आधी माहीत पायजे ना, काका." पुढे पुढे तर तो समोरच्याचं वजनच वापरायला लागला. थोराड पोरगा खांदा घेऊन धावत आला की हा बॉलला हलकेच टाच लावून बाजूला — आणि तो थोराड पुढे निघून गेलेला, उघड्या दारावर जोर लावल्यासारखा. बघणारे म्हणायचे, मूर्ती लहान पण कीर्ती महान. मी छाती काढून फिरायचो.

मला दिसत होतं ना — हा लहान चणीचा नाही, हा लहानच आहे? सगळ्या वस्तीत फक्त मला आणि त्याच्या आईबापाला माहीत होतं, आणि ते तर विसरूनही गेले असतील. कागदावर आहे तेच वय, असं आमच्याकडे असतं. पण मी विसरलो नव्हतो. मला हे बघायचं होतं, की दोन वर्षांनी मोठ्या पोरांसमोर हे कुठवर जातं. कुतूहल म्हणा. मी त्याला कुतूहलच म्हणायचो.

एका निवासी अकादमीचे लोक सुरतेत पोरं निवडायला आले. तिथे राहणं, जेवण, शाळा, खेळ — सगळं त्यांच्याकडे. सुमेधच्या बापाला मी समजावलं, पोरगं निवडलं गेलं तर त्याला लूमवर उभं राहावं लागणार नाही. बाप त्या दिवशी रोजी बुडवून आला. आईने डब्यात शिरा दिला. पंधराच्या आतला गट होता. सुमेध कागदावर चौदा. खरा बारा.

पहिल्या अर्ध्यात त्याने सगळ्यांना वेड लावलं. मग निवड करणाऱ्या सरांनी एक मिसरूड फुटलेला पोरगा खास त्याच्यावर लावला. तेही बघत होते, मीही बघत होतो — मला वाटतं आमचा दोघांचा प्रश्न एकच होता. पहिल्यांदा सुमेध निसटला. दुसऱ्यांदा पडला, उठला. तिसऱ्यांदा त्याने बॉल बरोबर दिला, पण तो पोरगा त्याच्यावर आदळलाच आणि सुमेधला उठायला वेळ लागला. त्यानंतर तो बॉल मागेनासा झाला. मधल्या फळीतला पोरगा बॉल मागत नाही म्हणजे काय, हे खेळलेल्याला कळतं. मलाही सतराव्या वर्षी कळलं होतं.

सर माझ्याकडे आले. माणूस चांगला होता, हे मला मुद्दाम सांगायचंय. म्हणाले, "दिमाग बहुत अच्छा है इसका. शरीर नहीं है. उमर सही लिखी है ना? कम हो तो बता दो, छोटे ग्रुप में अभी देख लेते हैं. काग़ज़ बाद में ठीक हो जाएगा."

बघा — दार उघडं करून माणूस बाजूला उभा राहिला होता. मला फक्त "दो साल कम है" एवढं म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "जी, सही है."

का? इतकी वर्षं मी हेच विचारतोय स्वतःला. भीती होती — माझ्या मागे वस्तीतले आणखी तीन बाप उभे होते, त्यांच्याही पोरांचे फॉर्म मीच भरलेले. एक तारीख उसवली असती तर किती उसवल्या असत्या? पण नुसती भीती असती तर मी तुम्हाला हे सांगायला बसलो नसतो. भित्रा माणूस म्हणून घ्यायला मला फार जड जात नाही. खरं कारण घाणेरडं आहे. सुमेध छोट्या गटात गेला असता तर तो आपल्या वयाच्या पोरांत खेळला असता — आणि मग त्यात नवल काय राहिलं असतं? इतकी वर्षं मी जे लोकांना दाखवत होतो, की लहान पोरगा मोठ्यांना भारी पडतो, मधली फळी हाडांची नाही, कामठीवाल्यांनी मला चुकीचं काढलं — ते सगळं "लहान आहे, मोठ्यांसमोर टिकत नाही, छोट्यांत घ्या" या एका वाक्यात संपलं असतं. बारा वर्षांच्या पोराच्या बरगड्यांवर मी माझा जुना वाद लढवत होतो. तो हरला तरी चालेल, पण वाद चुकीचा होता असं नको, इतका मी नीच झालो होतो.

यादीत त्याचं नाव आलं नाही. दोन दिवसांनी त्याची आई दारात आली, डब्याचं झाकण आमच्याकडे राहिलं होतं ते न्यायला. जाता जाता थांबली. "भाऊ, ते वय आपुन जास्तीचं लिवलं व्हतं — त्याच्यानं तर नसंल ना झालं?"

"नाही वहिनी. त्याचा काही संबंध नाही."

तिने मान डोलावली. मी शिकलेला, मी म्हणतो म्हणजे तसंच असणार. पोराला तिने हे कधी सांगितलं नसावं, कारण त्याला माहीत नाही. सुमेधने पुन्हा ट्रायल दिली नाही. बॉलही सुटला. चौदाव्या वर्षी — खऱ्या चौदाव्या — तो असा काही वाढला की वर्षभरात त्याच्या पँटी घोट्याच्या वर गेल्या. लोक म्हणाले, पोरगं उशिरा वाढलं. तो काही उशिरा वाढला नाही. अगदी वेळेवर वाढला.

आता तो माझ्याच मिलमध्ये घडी विभागात आहे. मला डोकं वर करून त्याच्याशी बोलावं लागतं. यंदा चौदा एप्रिलला, जयंतीच्या आठवड्यात वस्तीत सामने होते, तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मधल्या फळीत एक बारकं पोरगं धक्के खात होतं. सुमेध बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला, मग हसला. राग नाही, काही नाही, नुसता हसला.

"माझी बॉडीच लेट निघाली, काका," तो म्हणाला. "बे वरस आधी वाढलो असतो ना, तर मला घेतलं असतं त्यांनी. हो ना?"

तो खरंच विचारत होता. उत्तरासाठी माझ्याकडे वळूनही उभा राहिला.

मी म्हणालो, "असतं रे एकेकाचं शरीर तसं."