इलेक्ट्रिक गाडी आणि माझा राजीनामा

आमची इलेक्ट्रिक गाडी स्वभावाने फार शांत होती. इतकी शांत, की चालता चालता ध्यानालाच बसायची.

पहिल्यांदा ती मुनिरकाच्या उड्डाणपुलावर बसली. मागे हॉर्नचा आकांत आणि समोरच्या पडद्यावर नम्र सूचना : 'कृपया गाडी सुरक्षित जागी थांबवा.' (थांबवण्यासाठी आधी ती चालायला लागते, हे कंपनीला कोणी सांगितलं नसावं.) शेजारी बायको, माधवी. पेट्रोलचीच गाडी घेऊ म्हणून तिने मला परोपरीने विनवलं होतं आणि मी तिला दिल्लीच्या हवेवर व्याख्यान दिलं होतं.

"धूर नाही, आवाज नाही," ती शांतपणे म्हणाली. "तू सांगितलंस अगदी तस्संच आहे रे सुहास. हालचालसुद्धा नाही."

मग गाडी सरोजिनी नगरच्या बाजारासमोर बसली, माझ्या ऑफिसच्या फाटकात बसली आणि एकदा तर सर्व्हिस सेंटरमधून दुरुस्त होऊन घरी येतानाच बसली! सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं : "सर, अपडेट कर दिया. गाडी में कोई डिफेक्ट नहीं है." आमची गाडी स्वतःच्या चाकांवर कमी आणि टोइंगच्या ट्रकवर बसूनच जास्त फिरली. शेजारचे खन्नाजी बाल्कनीतून हाक मारायचे, "सुहासजी, आज फिर डोली में आई?"

शेवटी माधवीने निर्वाणीचं सांगितलं. "घरातलं वाहतूक खातं तुझ्याकडे आहे ना? मग ही बदलून आण. नाहीतर मी जाते मेट्रोने, आणि तू बस हिच्यात ध्यान लावून."

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण ग्राहक आयोगात वकिलाशिवाय आपली बाजू आपणच मांडता येते, असं कुठेतरी वाचलं आणि माझं शहाणपण तिथेच संपलं. तक्रार ठोकली : गाडी बदलून द्या, नाहीतर पैसे परत करा. कंपनीने उत्तर दिलं, दोष गाडीत नाही, तिला चार्ज करणाऱ्यात आहे. म्हणजे माझ्यात. (या मुद्द्यावर माधवी कंपनीच्या बाजूने साक्ष द्यायलाही तयार होती.)

आयोगाने गाडी तज्ज्ञांकडे तपासायला पाठवली. तिथे ती तज्ज्ञांनाच घेऊन बसली! एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिने एखादी गोष्ट वेळेवर केली होती. कंपनी नरमली आणि तिच्या वकिलांचा मला फोन आला.

"सर, हमारी मानिए तो राजीनामा कर लीजिए. इसी में आपकी भलाई है."

मी फोनच ठेवून दिला. राजीनामा? म्हणजे हे माझ्या नोकरीपर्यंत पोचले!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थेट आमच्या साहेबीणबाईंच्या, कपूर मॅडमच्या केबिनमध्ये शिरलो.

"मॅडम, कोणी कितीही प्रेशर आणलं तरी आय विल नॉट रिझाइन!"

"बट हू आस्क्ड यू?" मॅडम चकित होऊन म्हणाल्या. मग खुर्चीत मागे रेलून त्या माझ्याकडे विचारपूर्वक पाहू लागल्या. तोवर ही कल्पना त्यांच्या डोक्यात आलेली नसावी. मी घाईघाईने बाहेर पडलो.

सुनावणीला माधवी आणि आमची मुलगी ईरा मागच्या बाकावर बसल्या होत्या. ईरा जन्मापासून दिल्लीतली. अर्धी मराठी, अर्धी हिंदी आणि उरलेली मोबाइलमध्ये.

आयोगाच्या अध्यक्षा फार सौम्य होत्या. "देखिए, कंपनी आपको नई गाडी देने को तैयार है. आप राजीनामा कर लीजिए, केस आज ही खत्म."

नव्या गाडीच्या बदल्यात नोकरी! माझ्यातला स्वाभिमानी ग्राहक उसळून उठला. "मॅडम, राजीनामा मैं हरगिज नहीं दूँगा!"

"क्यों? नई गाडी नहीं चाहिए?"

"चाहिए! लेकिन नौकरी छोडकर उस गाडी में बैठके जाऊँ कहाँ?"

अध्यक्षा टेबलावर पुढे झुकल्या.

"नौकरी छोडने को किसने कहा?"

"आपने! अभी!"

कंपनीच्या वकिलांनी फाइल तोंडासमोर धरली. फाइल हलत होती. तेवढ्यात ईरा धावत पुढे आली.

"बाबा, काय करतोयस यार! राजीनामा म्हणजे समझौता! सेटलमेंट!"

"मग राजीनाम्याला काय म्हणतात?"

"इस्तीफा! इतकी वर्षं तू दिल्लीत केलंस काय?"

(भाजी आणली, रिक्षा ठरवल्या. माझी हिंदी तेवढ्याच इयत्ता शिकली आहे.)

मागून माधवी उठली आणि हात जोडून म्हणाली, "मॅडमजी, ये राजीनामा करेंगे. बिल्कुल करेंगे. मैं बैठी हूँ ना."

मी मुकाट्याने सही केली. यथावकाश नवी गाडी आली. ती चालते, आणि मुख्य म्हणजे चालतच राहते. खन्नाजींची फार निराशा झाली.

सही केली त्याच संध्याकाळी घरी येऊन मी आणखी एक राजीनामा दिला होता. हा मात्र अस्सल मराठी, घरच्या वाहतूक खात्याचा. माधवीने तो उभ्या उभ्या मंजूर केला. नोटीस पिरियडसुद्धा मागितला नाही!