छत्रीवाले मास्तर

कुणीही समोर आलं की मास्तर आधी त्याची मान बघत. "चेहरा सगळेच सांभाळतात. मान खरं बोलते," असं त्यांचं म्हणणं. गिरगावातल्या शाळेतली ड्रॉइंगची नोकरी सोडून ते आमच्या साप्ताहिकात पुढाऱ्यांची थट्टाचित्रं काढायला आले, आणि त्यांच्या धाकानं काही पुढारी म्हणे सभेत मान ताठ धरू लागले.

आमचा शिळाप्रेस. मास्तर दगडावर तेलकट खडूनं सगळं उलटं काढायचे, म्हणजे कागदावर सुलटं उमटायचं. अंक निघाला की मी वाळू-पाण्यानं दगड घासून कोरा करी. चांगली चित्रं पुसताना माझ्या जिवावर यायचं. मास्तर हसायचे. "दगड अडवून ठेवायचा नाही, सखाराम. पुढचा ढोंगी दारात उभा आहे."

प्रत्येक चित्रात, गर्दीच्या कोपऱ्यात, मोडक्या छत्रीचा एक माणूस असे. ते स्वतः. गर्दीला हसायचं तर आपण गर्दीत हवं, असा त्यांचा हिशेब.

प्लेगच्या साली आमचे आश्रयदाते शेट म्युनिसिपालटीत परळच्या चाळी रिकाम्या करायच्या ठरावाला हात वर करत होते, आणि स्वतःच्या आजारी पुतण्याला बंद गाडीतून गुपचूप वडाळ्याच्या बागेत हलवत होते. मास्तरांनी नेमकं तेच काढलं: एक हात सभेत वर, दुसरा गाडीचा पडदा ओढतोय. शेटना कुणकुण लागली आणि ते तडक छापखान्यात आले. त्यांनी हात काढून घेतला असता तर साप्ताहिक बंदच पडायचं. संपादकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"पुसून टाका," शेट म्हणाले.

मास्तरांनी वाळूचं घमेलं त्यांच्यापुढे सरकवलं. "तोंड तुमचं आहे, शेट. तुम्हीच पुसा."

दगडावरचं चित्र उलटं, त्यामुळे शेटना रोज आरशात दिसणारा चेहराच समोर होता. त्यांनी मूठभर वाळू उचलली आणि हात तसाच राहिला. आळीआळीतून तिरड्या निघत होत्या. अशा दिवसांत स्वतःचं तोंड पुसायला कोण धजणार? वाळू घमेल्यात सोडून ते म्हणाले, "नाक जरा मोठं झालंय," आणि जिना उतरून गेले.

"नाक तेवढंच आहे," मास्तर मला म्हणाले. "चल, शाई लाव."

अंक हातोहात खपला. शेटनी आश्रय का काढून घेतला नाही, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पुढे मास्तरांनाच ताप भरला. इस्पितळात नेलं ते परत आले नाहीत. त्यांच्या शेवटच्या चित्राचा दगड माझ्यापुढे होता, कोपऱ्यात छत्रीवाला. माझाही हात थांबला. मी पोटभर रडून घेतलं.

मग दगड घासला. पुढचं चित्र काढायला माणूस नव्हता, म्हणून खडू मीच उचलला. पुढारी कोण ते अजून ठरायचं होतं; आधी कोपऱ्यात छत्री काढली.