आजीचा कप

भांड्यांवर नाव घालायच्या यंत्राची घरघर ऐकली की मला ती नायजेरियाची विद्यार्थिनी आठवते. तेलंगण वेगळं होण्याचे ते दिवस होते, आणि आंदोलनामुळे आमचा भांड्यांचा बेगम बाजार एक दिवस उघडा तर दोन दिवस बंद असायचा. अर्ध्या शटरखालून वाकून ती माझ्या दुकानात आली आणि एका पितळी कपासाठी तासभर माझ्याशी भांडली. मी एक रुपयाही सोडला नाही. मग तिने सांगितलं, तिची आजी तरुणपणी फुटबॉल खेळायची, पण तेव्हा त्यांच्याकडे बायकांच्या फुटबॉलला बंदी होती, म्हणून जिंकूनही तिला कधी कप मिळाला नाही. आता आजी अंथरुणाला खिळली होती आणि नात घरी निघाली होती. आमच्याकडे भांड्यावर घरच्या पुरुषाचंच नाव पडतं, म्हणून मी सवयीने तिच्या आजोबांचं नाव विचारलं. ती हसून म्हणाली, "दादा नहीं खेले आंटी, दादी खेली." मी चिडले. "बातां नक्को करो, नाम लिख के देओ!" कागदावरचं एकेक अक्षर बघत मी आजीचं नाव कोरलं, आणि पैसे तिने म्हटले तेवढेच घेतले. नवरा गेल्यावर हे दुकान मी एकटीने उभं केलं. पाटीवर अजून दिराचं नाव आहे.