होडी रात्री कोणत्या काठाला

सोमवार, १४ नोव्हेंबर १९२७. सकाळी आठ वाजता चौकशीला प्रारंभ झाला. जागा खाडीपलीकडच्या गावातील ग्रामदेवतेचे देऊळ. रत्नागिरीहून पावसकडे निघालेला माणूस होडीतून खाडीच्या ज्या काठावर उतरतो, त्या काठावर हे गाव आहे.

मी तेव्हा शहरातील एका सरकारी कचेरीत कारकून होतो. खाडीवरच्या तरीचा, म्हणजे उतारूंची ने-आण करणाऱ्या दोन होड्यांचा, मक्ता आमची कचेरी देत असे. जुन्या मक्त्याची मुदत मार्चअखेर संपत होती. नवा देण्यापूर्वी लोकांच्या अडचणी विचाराव्यात आणि त्याप्रमाणे अटी घालाव्यात, असा हुकूम वरून आला होता. हुकूम चांगला होता. कसे विचारावे, एवढेच त्यात नव्हते.

साहेब देशावरचे, नुकतेच बदलून आलेले. माणूस सज्जन, पण आवाज मृदू. देवळात गाव जमला होता. पुढे खोत, त्यांच्या शेजारी मक्तेदार, मागे मानाप्रमाणे बाकीचे पुरुष. साहेबांनी दोनदा विचारले, "तरीविषयी कुणाची काही तक्रार आहे काय?" दोन्ही वेळा लोकांनी खोतांकडे पाहिले. खोत म्हणाले, "साहेब, तुमचे बोलणे मागे पोचत नाही. आमच्या गुरवाला सांगा, तो ओरडून सांगेल."

गुरव उठला आणि सवयीने गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी जाऊन उभा राहिला. साहेबांनी वाक्य सांगितले: होड्या वेळेवर सुटतात. गुरवाने आवाज चढवला.

"बा म्हाराजा, होड्या येळेवर सुटतात!"

"व्हय म्हाराजा!" साऱ्या देवळाने उत्तर दिले.

होड्या मजबूत आहेत. "व्हय म्हाराजा!" नावाडी नीट वागतात. "व्हय म्हाराजा!" साहेब माझ्याकडे झुकले. "काय एकोपा आहे हो! लिहा, एकमताने समाधान."

"लिहिता येणार नाही, साहेब."

"का?"

"हे उत्तर नव्हे. हा गाऱ्हाण्याचा होकार आहे."

साहेबांना ते समजेना. आमच्याकडे गुरव गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणे घालतो आणि प्रत्येक वाक्यामागून सारे होकार देतात. देवळात, त्या उंबऱ्याशी, त्या आवाजात काहीही कानी पडले की तोंडून होकारच निघतो. मी गुरवाला म्हटले, "आता सांगा, होड्या कधीच वेळेवर सुटत नाहीत." त्याने मक्तेदाराकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि सांगितले.

"व्हय म्हाराजा!"

मागे कोणी तरी फिसकन हसले. मग सारेच हसले. मक्तेदार म्हणाला, "म्हणजे माझ्या होड्या सुटतातही आणि सुटत नाहीतही. मग दर दोन्हीचा लावू काय?"

"लावतोस की कवापास्नं!" मागून एक म्हातारा म्हणाला.

साहेब हसले नाहीत. त्यांनी लेखणी खाली ठेवली. "मग विचारायचे कसे?"

"एकेकट्याला. धक्क्यावर. देवळात नुसते पुरुष आहेत. बाजारहाटीला रोज होडीत बसतात त्या बायका. त्या आताही धक्क्यावरच आहेत."

"मी आज खोतांकडे मुक्कामाला आहे. उद्या सकाळी पावसला जाणार. तिसऱ्या प्रहरापर्यंत टिपण हातात द्या."

मी धक्क्यावर उंडीच्या झाडाखाली जाऊन बसलो. पहिला तास वाया गेला. तक्रार काय, असे विचारले की प्रत्येकजण म्हणे, "काय नाय. बरा हाय." नावाडी दोन हातांच्या अंतरावर तंबाखू मळीत बसला होता आणि ज्याने तक्रार सांगायची त्याला उद्या त्याच होडीत बसायचे होते. हे ध्यानात आल्यावर मी दोन गोष्टी बदलल्या. होडी पलीकडे गेली की विचारायचे, परत आली की गप्प बसायचे. आणि तक्रार हा शब्द तोंडातून काढायचा नाही. मागच्या खेपेला किती थांबलात आणि थांबून काय केलेत, एवढेच विचारायचे.

मग उत्तरे येऊ लागली. एक मासळीवाली पाटी उतरवून म्हणाली, "भरल्याबिगर सुटत नाय तो. माजी मासळी उनात नि ह्याची झोप सावलीत."

दुपारच्या होडीने एक विधवा बाई शहरातून परत आली. फडक्यात सुंठ, डिंक आणि बाळंतशोपा बांधलेल्या होत्या. होडी पुन्हा पलीकडे जाईपर्यंत मी थांबलो. मग विचारले, "घरात कोण बाळंत व्हायचे आहे?"

"सून. लेक मुंबईला गिरणीत. हिचे दिवस भरत आले."

"रात्री होडीची गरज लागली तर काय करता?"

"हाका मारताव."

"आणि मग?"

"मग काय, भाऊसाहेब. राती दोनी होड्या तिकडं. गेल्या साली हिचं आडलं. सुईण बोलली, दवाखान्यात न्या. आमी सगली हितं हुबी राहून हाका मारल्या. वारं उलटं. उजाडल्यावर होडी आली. सून वाचली. तिचं पोर नाय वाचलं."

"हे देवळात कुणी सांगितले नाही?"

"सांगितलंय की. गुरवानं गाऱ्हाणं घातलंय, एक होडी हितं ऱ्हाऊ दे म्हणून. देवानं ऐकलं असंल. मक्तेदारानं नाय ऐकलं." तिने फडक्याची गाठ आवळली. "तुमी लिवताव तर लिवा. पन होडी हितं कवा येयाची? माजी सून तवर थांबायची नाय."

मक्तेदार आणि नावाडी शहराच्या बाजूला राहत. म्हणून रात्री होड्याही तिकडेच. मक्त्यात होड्या किती, दर काय, हे होते. रात्री त्या कुठे बांधाव्यात याविषयी एक अक्षर नव्हते. त्यानंतर जो भेटला त्याला मी रात्रीचेच विचारले. बहुतेक प्रत्येक घराची काही तरी कहाणी होती.

नावाडी परत आला तेव्हा त्याला अंदाज आला होता. "भाऊसाहेब, बायकांचं आयकून होड्या चालवायच्या काय आता?"

"तुझ्या होडीत जास्त कोण बसते?"

"त्याच. पन बसल्या म्हणून बोलायचं?"

मी कागद गोळा करून खोतांच्या ओटीवर गेलो.

साहेबांनी टिपण दोनदा वाचले. नव्या मक्त्यात अट घालावी, असे त्यांनी तिथेच ठरवले: सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत एक होडी वल्ह्यांसह या काठाला असावी.

"एप्रिलपासून लागू," ते म्हणाले.

"एप्रिल म्हणजे उशीर होईल, साहेब. त्या घरात एप्रिलपर्यंत थांबता येणार नाही."

"मला कळते. पण चालू मक्त्यात हात घालता येत नाही."

"नियम तो नियम," खोतांशेजारी बसलेला मक्तेदार मान डोलावून म्हणाला.

चालू मक्ता माझ्यापाशी होता. त्यातले कलम मी वाचून दाखवले. सरकारी कामावरचा माणूस ज्या काठी मुक्कामाला असेल त्या काठी, काम पुरे होईपर्यंत, रात्री एक होडी हजर ठेवणे मक्तेदारावर बंधनकारक होते.

"मी उद्या जाणार," साहेब म्हणाले.

"मी राहतो. चौकशी पुरी झालेली नाही."

"किती दिवस लागतील?"

"एकेकट्याला विचारायचे आहे, साहेब. गाव मोठे आहे. वाड्या लांब लांब आहेत."

मक्तेदाराने तोंड उघडले. साहेबांनी त्याच्याकडे पाहिले नाही. माझ्याकडे मात्र बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "हुकुमाचा मसुदा करा." मी मसुद्यात 'वल्ह्यांसह' हा शब्द घातला. त्यांनी सही केली.

लोकांचे म्हणणे विचारण्याची कामे पुढे माझ्याकडे पुष्कळ आली. विहिरी, दवाखाने, बाजाराचे दिवस. सभा मी घेतल्या, कारण त्या घ्याव्या लागतात. सभेवर मात्र विसंबलो नाही. काठाला होडी बांधण्याची अट नव्या मक्त्यात गेली आणि त्यापुढच्या मक्त्यांतही राहिली. त्या गावातली चौकशी मी कधी पुरी केली, याची विचारणा कचेरीने केली तेव्हा मी उत्तर दिले की वाड्या लांब आहेत.

चौकशीच्या त्या पहिल्या दिवशी, सही झाल्यावर, सूर्य कलताना धक्क्यावर गेलो. दोन्ही होड्या निघण्याच्या तयारीत होत्या. हुकूम वाचून दाखवला. नावाड्याने एक होडी खुंट्याला लावली आणि तिची वल्ही उचलून दुसरीत टाकली.

"वल्ही ठेव."

"हुकूम होडीचा हाय. वल्ह्यांचा नाय."

"तुला वाचता येते?"

"नाय."

"मला येते. वल्ह्यांसह, असे लिहिले आहे."

त्याने वल्ही धक्क्यावर टाकली, ठेवली नाहीत. "घ्या. आता वल्हवायलाबी तुमीच बसा," म्हणाला आणि दुसऱ्या होडीने निघून गेला.

ओहोटी लागली होती. ताठ दोराने होडी चिखलात कलंडली असती, म्हणून दोर सैल केला आणि खुंट्याला नवा पीळ दिला. मग वल्ही खांद्यावर घेऊन त्या बाईच्या घराची चढण चढलो. तिची सून दारात बसून तांदूळ निवडत होती. ती उठून आत गेली. बाई बाहेर आली.

"हितं कशाला आनलीव?"

"लागतील तेव्हा शोधावी लागू नयेत. वल्हवील कोण?"

"शेजारचे दोगे भाव. दोगेबी समिंद्रावरचे."

शेजारी जाऊन त्या भावांना होडी कुठे बांधली आहे आणि दोराची गाठ कशी आहे ते सांगितले. परत येऊन वल्ही पडवीत आडवी ठेवली, पाती भिंतीकडे आणि मुठी अंगणाकडे.