पट्टीतला पत्ता

माणसावर येणारं सगळ्यात मोठं संकट कोणतं, असं आमच्या कंपनीतल्या ड्रॉइंगवाल्या भाऊंना विचारलं असतं, तर त्यांनी आजारपण, म्हातारपण, मुलांचं परदेशी जाणं यांपैकी एकाचंही नाव घेतलं नसतं. कॉम्प्युटरवर फोल्डर उघडावा आणि आपण नेमके कुठे आहोत हे खिडकीच्या वरच्या पट्टीत दिसू नये, याहून मोठं संकट त्यांच्या लेखी नव्हतं. चाकणला आमची कंपनी गाड्यांच्या पत्र्यांचे साचे बनवायची आणि त्या साच्यांची सगळी ड्रॉइंगं भाऊंच्या ताब्यात असायची. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोल्डरात एक 'फायनल' नावाचा फोल्डर, त्याच्या पोटात 'नवीन फायनल', आणि त्याच्याही पोटात पुन्हा एक 'फायनल', कारण आमच्याकडे शेवटचं असं कधी काही नसायचंच. पट्टीत पहिल्यापासून सगळी वाट दिसली, कुठलं गिऱ्हाईक, कुठली गाडी, कुठला पत्रा, तरच हा फायनल कुणाचा ते कळणार. एकदा कॉम्प्युटर विभागानं काहीतरी सुधारणा केली आणि पट्टीत नुसतं 'फायनल' एवढंच उरलं. भाऊंनी माउस उलटा करून ठेवला, खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. "मी कुठं है ते मला कळंस्तोवर मी कामावर न्हाई," असं त्यांनी साहेबांना भिंतीकडे बघतच सांगितलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पट्टी पूर्ववत झाली.

हा रोग कंपनीच्या गेटपाशी थांबला असता तर ठीक होतं. एकदा बँकेत ते काउंटरवरून आत वाकले, तिथल्या बाईंचा कॉम्प्युटर बघितला आणि त्यांना कळवळून म्हणाले, "मॅडम, तुमच्या खिडकीत तुमचा पत्ताच दिसंना गेलाय." बाईंनी शिपायाला बोलावलं. कुणी फोन करून कामाचं सांगायला लागलं की भाऊंचं ठरलेलं, "काय करलालास ते ऱ्हाऊ दे, आधी कुठं हैस ते सांग." मी पुण्यात आहे म्हटलं तर त्यांचं समाधान व्हायचं नाही. पुणे, चाकण, तळेगाव रस्ता, चहाची टपरी, बाकड्याचं डावं टोक, इथवर आलं की मगच पुढचं बोलणं. लातूरकडून आलेला हा माणूस घरातही असाच बोलायचा. वहिनींनी जिऱ्याचा डबा मागितला तर उत्तर यायचं, "स्वयंपाकघर, खालचं कपाट, मधला कप्पा, हळदीच्या मागं." वहिनी हसून म्हणायच्या, "एवढं बोलण्यापरीस उठून दिला असता तर फोडणी जळाली नसती."

पण एक प्रसंग मी विसरत नाही. दुसऱ्या शिफ्टमधल्या एका ऑपरेटरनं भलत्याच 'फायनल'मधलं जुनं ड्रॉइंग उघडलं आणि पोलादाचा अख्खा ठोकळा चुकीचा कापून ठेवला. सकाळी सगळे त्या बिचाऱ्यावर तुटून पडले. भाऊ त्याच्या मशिनवरच्या स्क्रीनपाशी गेले, तिथली पट्टी कुणीतरी बंद करून ठेवली होती. "ह्याला कशाला बोलता?" ते म्हणाले. "हा कुठं है ते ह्याला कुणी दाखवलंच न्हाई. वाट चुकलेल्या माणसाला रागवायचं नसतं, राव." आम्ही त्या वेळी गालातल्या गालात हसलो.

भाऊ निवृत्त झाले आणि मारुंजीला, आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. मुलगा परदेशी, घरात दोघंच. तिथे वहिनी हळूहळू वाट चुकायला लागल्या. आधी गॅसपाशी उभ्या राहून "मी इथं कशाला आले?" म्हणायच्या, मग "हे कुणाचं घर है?" असं विचारायला लागल्या. भाऊंनी प्रत्येक खोलीत दारावर, वरच्या बाजूला, कागदाची पट्टी चिकटवली. 'महाराष्ट्र, पुणे, मारुंजी, तिसरा मजला, आपलं घर, स्वयंपाकघर.' वहिनी ती शाळेतल्या मुलीसारखी मोठ्यानं वाचायच्या आणि पाहुण्यांच्या घरी बोलावं तसं म्हणायच्या, "छान है घर. चला, निघू आता." मग भाऊंनी पट्ट्या नव्यानं लिहिल्या आणि वहिनींचा हात पोचेल अशा उंचीवर लावल्या. त्यांची सुरुवात वहिनींच्या माहेरापासून केली. 'आईचं घर, लग्न, लातूर, चिंचवडची पत्र्याची खोली, भोसरीची चाळ, मारुंजी.' ही वाट वहिनींना पटली. त्या एकेका शब्दावर बोट ठेवत चालत यायच्या आणि मारुंजीला पोचल्या की त्यांचा चेहरा निवायचा. काही महिने बरे गेले.

पुढे ते बोट पत्र्याच्या खोलीपाशी थांबायला लागलं. तिथून ते हललंच नाही. त्या खोलीत भाऊ तरुण होते आणि पहिली शिफ्ट करून दुपारी घरी यायचे, आणि ते आल्याशिवाय वहिनी घास तोंडात घालत नसत. आता समोर बसलेला हा पिकल्या केसांचा माणूस भरवायला लागला की त्या तोंड फिरवायच्या. "आमचं माणूस कंपनीतून यायचंय," म्हणायच्या. त्यांचं अंग झडत चाललं होतं, आणि भाऊंच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती बघितली.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो तर दारावरची पट्टी अर्धीच होती. भोसरी आणि मारुंजी कात्रीनं कापून टाकलेली. भाऊंनी इतकी वाट स्वतःच्या हातानं तोडावी, हे मला बघवेना. मी विचारलं तर शांतपणे म्हणाले, "पट्टीत माणूस जिथं है तेच दिसायला पाहिजे. आपल्याला तो जिथं पाहिजे ते न्हवं."

आज दुपारी मी बाहेरून आलो तर जिन्याच्या खालच्या पायरीवर भाऊ बसले होते. अंगात कंपनीचा जुना, विटलेला शर्ट, खिशावरचं नाव उसवलेलं, मांडीवर रिकामा डबा. वर शेजारच्या काकू वहिनींजवळ बसल्या होत्या. रोज दुपारी ते असे खाली उतरतात, थोडा वेळ थांबतात, मग वर जाऊन बेल वाजवतात आणि "आलो गं" म्हणतात. वहिनी दार उघडतात, डबा हातातून घेतात, उशीर झाला म्हणून रागावतात आणि दोघं जेवायला बसतात. हे काकूंनी मला नंतर सांगितलं. तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून मी नेहमीसारखी त्यांच्याच शब्दांत थट्टा केली, "काय भाऊ, आधी कुठं आहात ते सांगा."

मला वाटलं, आता मारुंजीपासून पायरीपर्यंत सगळा पत्ता येणार. भाऊंनी डब्याचं झाकण घट्ट आहे ना ते बघितलं आणि म्हणाले, "कंपनीत. शिफ्ट सुटायचीय अजून."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.