फ्लॉपीत मावेल तेवढंच

मी लिहावं की नाही, हे माझं अजून नक्की होत नाही. तरी लिहितोय, सांभाळून घ्या. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. कॉम्प्युटरच्या गोष्टी, ज्याच्या घरी कॉम्प्युटर होता त्याने सांगाव्यात, असं मला वाटतं. माझ्या घरी नव्हता. माझ्या मित्राच्या घरी होता, आणि मी त्याच्यावर जळायचो.

तो रत्नागिरीतल्याच मिरकरवाड्याचा. वडील आखातात जहाजावर. घरी फोन, फोनला जोडलेलं इंटरनेट. मी पालीहून एसटीने रत्नागिरीला यायचो. आम्ही एकाच बाकावर बसायचो. डब्यातली तळलेली सुरमई तो माझ्यापुढे सरकवायचा. मी खायचो, आणि खातानाही जळायचो.

दुसऱ्या वर्षी कोणीतरी लॅबमधल्या मशीनमध्ये शिरून सगळ्यांच्या प्रॅक्टिकलच्या फायली पुसल्या. सर आम्हा दोघांना म्हणाले, "आपली मशीन कुठे उघडी पडलीयत, ते शोधणारी टूल्स निवडून आणा. फुकटची हवीत, कॉलेज पैसे देणार नाही. ज्याची निवड पटेल, त्याच्याकडे मे महिनाभर लॅबची किल्ली."

किल्ली म्हणजे मला महिनाभर कॉम्प्युटर. त्याला ती कशाला हवी होती?

तो घरी बसून टूल्स उतरवायचा आणि सीडीवर भरायचा. मी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत फ्लॉप्या घेऊन जायचो. एक मोठं टूल तुकडे करून आणलं, तर शेवटची फ्लॉपी वाचेना. तेव्हापासून मी आधी साइज बघायला लागलो. एका फ्लॉपीत मावत असेल, तरच ते कोणी बनवलंय, अलीकडे सुधारलंय का, काय तपासतं, हे वाचायचं. अशी दोन मिळाली. एक मशीनचे कुठले पोर्ट, म्हणजे बाहेरून आत शिरायच्या वाटा, उघडे आहेत ते दाखवायचं, दुसरं पासवर्ड नसलेली खाती शोधायचं.

"काय रे, पिशवी बघून बाजार करतोस?" तो म्हणाला.

"तुझ्याकडे टेम्पो आहे, तू कर की मोठा बाजार."

तो हसला. मला हसू आलं नाही.

सरांच्या मशीनवर त्याच्या सीडीने लांबलचक रिपोर्ट काढला, लाल-पिवळ्या रंगांत. मध्येच लॅबचा प्रिंटर आपोआप कागद फेकायला लागला, कारण टूल त्यालाही तपासत होतं. तरी सर खूश होते. माझ्या टूल्सनी जेमतेम चार ओळी दाखवल्या.

"हीच का निवडलीस?" सरांनी विचारलं.

"फ्लॉपीत मावतात, सर."

मागची बाकं हसली. किल्ली त्याला मिळाली. फ्लॉप्या मी टेबलावरच सोडून आलो.

मे महिन्यात पालीला आंब्याच्या पेट्यांत पेंढा भरताना मला तो लॅबच्या पंख्याखाली बसलेला दिसायचा. जूनमध्ये भेटल्यावर सुट्टीचा विषय मी काढला नाही. त्याने काढला, तेव्हा मी उठून गेलो.

पुढे तो पुण्याला गेला. मी पालीतच एका क्लासात कॉम्प्युटर शिकवायला लागलो. एके दिवशी वाण्याच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला. तोच होता.

"अरे, मुलाखत झाली. त्यांनी विचारलं, टूल कसं निवडता. मी तुझं सांगितलं."

"माझं काय?"

"पिशवी बघून बाजार. लॅबमधल्या मागच्या रांगेतल्या मशीनना ना नेटवर्कची केबल, ना सीडी ड्राइव्ह. माझं टूल तिथे पोचेचना. सगळी तुझ्या फ्लॉप्यांनी तपासली. सुट्टीनंतर तुला सांगायला आलो, तर तू उठून गेलास."

मी वायर बोटाला गुंडाळत राहिलो. "हसले असतील."

"नाही रे. लिहून घेतलं."

"मग?"

"मग काय, लागली नोकरी. सोमवारपासून जायचंय."